पेर्नकोप्फचा ॲटलास: ज्ञान कुणाच्या देहावर उभं आहे?

आम्ही उभी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवली. तेव्हा आज एका शरीररचनातज्ज्ञाची गोष्ट का सांगतो आहोत, असं काहींना वाटेल. कारण एवढंच की ज्ञान आणि नीती यांचा संबंध काय, हा वर्गात चघळून चघळून चोथा झालेला प्रश्न या माणसाच्या कारकिर्दीत फार खरा होऊन समोर येतो.

एडुआर्ड पेर्नकोप्फ यांचा जन्म १८८८ सालचा, ऑस्ट्रियातला. व्हिएन्ना विद्यापीठात वैद्यकाचं शिक्षण झालं. तिथे फर्डिनांड होखश्टेटर हे त्यांचे गुरू. आधी त्यांचे साहाय्यक, मग प्राध्यापक, आणि १९३३ मध्ये गुरूंच्याच जागी संस्थेचे प्रमुख. इथवर ही कोणत्याही कष्टाळू विद्वानाची सरळ चढती कमान आहे. पण त्याच १९३३ साली ते नात्झी पक्षाचे सदस्यही झाले, हे लक्षात ठेवू या.

त्यांचं आयुष्यभराचं काम म्हणजे मानवी शरीराचा एक प्रचंड ॲटलास. एरिख लेपियर, लुडविग श्रोट, कार्ल एंड्ट्रेसर, फ्रान्झ बाटके अशा चित्रकारांनी प्रत्यक्ष विच्छेदन समोर ठेवून जलरंगात एकेक शीर, एकेक मज्जातंतू उतरवला. पहिला खंड १९३७ मध्ये निघाला. चित्रं अशी की नवख्यालाही त्यांतलं सौंदर्य जाणवावं.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. पेर्नकोप्फ लगेच वैद्यक शाखेचे अधिष्ठाता झाले. ६ एप्रिलला त्यांनी भाषण केलं आणि वंशशुद्धीचं धोरण राबवणं हे वैद्यांचं कर्तव्य ठरवून टाकलं. शाखेतल्या १९७ अध्यापकांपैकी १५३ जणांना काढण्यात आलं. त्यांत बहुसंख्य ज्यू होते. पुढे १९४३ मध्ये पेर्नकोप्फ विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

आता मुख्य मुद्दा. विच्छेदनाला प्रेतं लागतात. ती येत कुठून होती? व्हिएन्नाच्या न्यायालयीन तुरुंगात तेव्हा गिलोटिन चालू होतं. नात्झी राजवटीत देहदंड झालेल्या किमान १,३७७ जणांची शवं या संस्थेत पोचली. त्यांत राजवटीला विरोध केला म्हणून मारलेले पुष्कळ होते. त्यांची संमती कोण घेणार? आज कुणी देहदान करतो तेव्हा तो स्वतः सही करतो. इथे उलट झालं: ज्या सत्तेने जीव घेतला, तिनेच देहही देऊन टाकला.

आणि चित्रांवरच्या सह्या पाहा. लेपियर यांच्या सहीत नात्झींचं स्वस्तिक, एंड्ट्रेसर यांच्या नावात एस.एस.ची वीज. पुढच्या आवृत्त्यांत ही चिन्हं पुसली गेली. चिन्ह पुसता येतं हो, पण चित्रातला माणूस कसा पुसणार?

युद्धानंतर पेर्नकोप्फ यांची पदं गेली. अमेरिकनांनी त्यांना सुमारे तीन वर्षं ग्लासेनबाखच्या छावणीत ठेवलं. खटला मात्र झाला नाही. सुटल्यावर विद्यापीठातच त्यांना काम करायला जागा मिळाली आणि १९५५ मध्ये मरेपर्यंत ते ॲटलासमध्येच गुंतलेले होते. जगभरचे डॉक्टर तो वापरत राहिले. नव्वदच्या दशकात हॉवर्ड इस्रायल आणि विल्यम सायडेलमन यांनी लावून धरलं, की ही शरीरं कुणाची होती ते शोधा. विद्यापीठाने चौकशी केली, १९९८ मध्ये अहवाल दिला. ॲटलासची छपाई थांबली.

मग आज तो उघडावा की नाही? सुझन मॅकिनन या मज्जातंतूंच्या शल्यविशारद. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेत या चित्रांसारखा वाटाड्या नाही, हा त्यांचा अनुभव. पण मनाला टोचणीही होतीच. हा प्रश्न रब्बी जोसेफ पोलाक यांच्यापुढे गेला. स्वतः पोलाक लहानपणी छळछावणीतून वाचलेले. २०१७ मध्ये त्यांनी दिलेल्या निर्णयाचा आशय असा: जीव वाचवण्यासाठी चित्रं वापरा, पण ती कुठून आली हे सर्वांना सांगूनच.

आम्हाला हे उत्तर पटतं. काही जण म्हणतील, ज्ञान हे ज्ञान असतं, त्याला कसली आलीय जात नि पाप? दुसरे म्हणतील, जाळून टाका. पहिल्यांच्या बोलण्यात मेलेल्यांना जागाच नाही. दुसऱ्यांच्या आगीत मेलेल्यांची उरलीसुरली खूणही जाईल, आणि टेबलावरच्या रुग्णाचा त्यात काय दोष? चित्र वापरताना माणूस आठवायचा, ही अट वरवर साधी दिसते. पण पेर्नकोप्फ यांनी नेमकी तीच आयुष्यभर टाळली. त्यांना शीर दिसत होती, स्नायू दिसत होता. तो कुणाचा, हे विचारायचं राहूनच गेलं.