आयव्हरमेक्टिन दिलं तरी घोड्याच्या पोटात पट्टकृमी राहतो

सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला घोडा असो की वरातीची घोडी, नुसतं आयव्हरमेक्टिन पाजून भागत नाही. ते गोल जंतांवर चालतं, पट्टकृमीवर नाही. हा चपटा जंत लहान आतडं संपतं तिथं चिकटतो. फार वाढला तर पोटशूळ उठतो आणि जनावर हातचं जाऊ शकतं. लागण चरताना होते, गवतातल्या बारीक माइटमधून.

लिदीत अंडी दिसली नाहीत म्हणजे जंत नाही, असं धरू नये. अंडी रोज पडतातच असं नाही. ब्रिटनमध्ये यासाठी लाळ तपासतात. औषध प्राझिक्वांटेल, नाहीतर पायरँटेलचा दुप्पट डोस, तोही पशुवैद्यकाला विचारूनच. वजन नजरेनं धरू नका, छातीचा घेर नि लांबी मोजून काढा. डोस कमी पडला की जंत उरतात. घोडी गाभण असेल तर आधी सांगा.