मिसरच्या दहा पीडा : निसर्गावरील देवाची सत्ता आणि फारोचा हट्ट

बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकात (अध्याय ७ ते १२) मिसर म्हणजे इजिप्तवर आलेल्या दहा पीडांची कथा आहे. इस्राएली लोक तिथे गुलाम होते. त्यांना जाऊ द्यावे, हा परमेश्वराचा निरोप घेऊन मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन राजाकडे, म्हणजे फारोकडे गेले. हा परमेश्वर कोण, असे फारोने उलट विचारले. पुढच्या दहा पीडा हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

दहा पीडा कोणत्या?

१. नाईलच्या पाण्याचे रक्त
२. बेडूक
३. उवा किंवा चिलटे
४. गोमाशा
५. गुरांची मरी
६. गळवे
७. गारा
८. टोळधाड
९. तीन दिवसांचा काळोख
१०. प्रत्येक घरातील पहिल्या अपत्याचा मृत्यू

निसर्ग कोणाचे ऐकतो?

पहिल्या दोन पीडा फारोच्या जादूगारांनीही करून दाखवल्या. म्हणजे त्यांनी संकटात भरच घातली; बेडूक घालवणे त्यांना जमले नाही. तिसऱ्या पीडेला त्यांनी हात टेकले आणि हे देवाचे काम असल्याचे कबूल केले.

कथेत प्रत्येक गोष्टीला हद्द आणि वेळ आहे. टोळ पूर्वेच्या वाऱ्याने येतात आणि पश्चिमेच्या वाऱ्याने जातात. गारांनी जवस आणि सातूचे पीक जाते, पण उशिरा येणारा गहू वाचतो. इस्राएली राहत त्या गोशेन प्रांतात गोमाशा आणि गारा नाहीत. बेडूक कधी जावेत, हे मोशे फारोलाच ठरवायला सांगतो. फारो म्हणतो, उद्या. आणखी एक रात्र बेडकांसोबत!

फारोचा हट्ट

फारो साफ नकारच देत राहतो असे नाही. तो घासाघीस करतो. आधी म्हणतो, यज्ञ इथेच करा. मग, जा, पण लांब नको. पुढे, फक्त पुरुषांनी जावे. शेवटी, गुरे इथेच ठेवा. देश उद्ध्वस्त झाला, असे त्याचे सेवकच त्याला सुनावतात. गारांच्या वेळी तो आपली चूक मान्यही करतो. पण संकट टळले, जरा उसंत मिळाली, की त्याचा शब्द फिरतो.

मूळ हिब्रूत त्याच्या मनासाठी ‘कावेद’ म्हणजे जड हा शब्द अनेकदा येतो. गोमाशा, मरी, गारा आणि टोळ यांच्या वर्णनातही हाच शब्द आहे. राजाचे मन जितके जड, तितकी देशावरची पीडा जड, असा हा धागा दिसतो.

मग दोष कोणाचा?

इथे एक अवघड प्रश्न आहे. फारोचे मन आपण कठोर करू, असे परमेश्वर आधीच सांगतो. मग फारो दोषी कसा?

कथेचा क्रम पाहिला तर पहिल्या पाच पीडांत फारोचे मन कठोर झाले किंवा त्याने ते कठोर केले, असेच म्हटले आहे. परमेश्वराने ते कठोर केल्याचा उल्लेख पीडांच्या ओघात प्रथम सहाव्या वेळी येतो. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांच्या मते, फारोने आधी स्वतःहून पाप केले आणि पश्चात्तापाची वाट बंद होणे ही त्याची शिक्षा होती. हट्ट वारंवार केला की तो सोडण्याची ताकदच उरत नाही, असाही याचा अर्थ लावता येतो. तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण राजाच्या हट्टाची किंमत मिसरच्या दासीच्या मुलालाही मोजावी लागते.

आजची आठवण

दहाव्या पीडेच्या रात्रीची आठवण म्हणून ज्यू लोक वल्हांडण सण पाळतात. सणाच्या भोजनावेळी वाचायचा ‘हग्गादा’ हा ग्रंथ कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी मराठी अनुवादासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला. अनेक ज्यू घरांत एकेका पीडेचे नाव घेताना पेल्यातून द्राक्षारसाचा थेंब काढतात. शत्रूच्या दुःखाने आपला आनंद तेवढा उणा व्हावा, असा त्याचा एक अर्थ सांगितला जातो.