कापूस वऱ्हाडचा, दुकान मुंबईचे

इतिहासाचे पुस्तक उघडले की राजे, लढाया आणि तह भेटतात. आपल्या अंगावरच्या कपड्यालाही इतिहास असतो, हे मात्र आपण विसरतो. रमजान ईदच्या आधी सातवीतल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, कापूस आपल्याकडे पिकतो, मग शर्ट मुंबईहून का येतो?" प्रश्न साधा होता, उत्तर मात्र दीडशे वर्षांचे आहे.

आपल्या शेंदूरजनाघाटची ओळख संत्र्यामुळे आहे. पण वऱ्हाडचे नाव सातासमुद्रापार गेले ते कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस थांबताच इंग्लंडच्या गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून १८६७ साली नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन केले. कापसाच्या गाठी बंदराकडे गेल्या आणि विलायती कापड गावोगाव आले. पिकविण्याचे कष्ट इथे राहिले. सूत, वीण आणि विक्री यांचा नफा दुसरीकडे गेला.

मुंबईने मात्र वेळीच गिरणी उभारली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली कापडगिरणी १८५६ पासून चालू झाली. पुढे परळ-लालबागचा भाग गिरणगाव बनला. घाऊक कापडाचा व्यापार मुळजी जेठा मार्केटात चाले. सामान्य माणूस कापड विकत घेई आणि शिंप्याकडून शिवून घेई. साहेबांची दुकाने निराळी होती. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने १८९१ मध्ये मुंबईत शाखा उघडली. हॉर्नबी रोडवर व्हाइटवे लेडलॉचे दुकान होते. टोपीपासून बुटापर्यंत सारे एकाच छपराखाली मिळे. वस्तूची किंमत ठरलेली असे, घासाघीस नसे.

या विलायती कापडाविरुद्ध देश उठला. ३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींच्या उपस्थितीत परळला परदेशी कपड्यांची मोठी होळी झाली, ती उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारात. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाचा ट्रक अडविताना बाबू गेनू हुतात्मा झाले. एक मुसलमान गिरणीमालक, दुसरा हिंदू गिरणी कामगार. मार्ग मात्र दोघांचा एकच. ही दोन्ही नावे आपल्या मुलांना ठाऊक असली पाहिजेत.

दुकानदारीतही आपली माणसे मागे राहिली नाहीत. १८९७ साली सुरू झालेले अकबरअलीज हे बोहरा कुटुंबाचे दुकान पुढे मुंबईतले नामांकित बहुवस्तू भांडार झाले. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत सहकारी तत्त्वावर अपना बाजार सुरू झाला. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव, भिवंडी आणि मुंबईच्या मदनपुऱ्यात माग चालविले. दुकानाच्या काचेमागे टांगलेले कापड आपण पाहतो, त्यामागचा मागवाला दिसत नाही.

काळ पुन्हा पालटला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. १९९१ मध्ये अंधेरीला शॉपर्स स्टॉप उघडले आणि तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानांचे युग आले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेत मॉल उभा राहिला. जिथे कापड विणले जाई, तिथे आता शिवलेले कपडे विकले जातात.

त्या विद्यार्थ्याला मी इतकेच सांगितले, "बेटा, कापूस जमिनीतून येतो, पण त्याची किंमत हुन्नर, हिशेब आणि बाजाराची माहिती यांतून वाढते." पालकांनो, ईदचा नवा कपडा मुलांना अवश्य घ्या, पण तो कोणी पिकविला, विणला, शिवला आणि विकला, हेही त्यांना विचारा. मुलगा असो वा मुलगी, शिवणयंत्रावर बसली तरी हिशेबाची वही तिला स्वतः वाचता यावी, यासाठीच तर शाळा आहे. ही वही ज्याच्या हाती, भाव ठरविण्यात त्याचा शब्द चालतो. गेल्या दीडशे वर्षांचा धडा हाच आहे.