कारकुनाने टिपलेली देवळं

माझी थोरली बहीण लग्न होऊन इंदूरला गेली, म्हणून माझं इंदूरला जाणं-येणं. एरवी आम्हां गोवेकरांना इंदूर म्हणजे होळकर, अहिल्याबाई आणि सकाळचे पोहे-जिलेबी. गेल्या खेपेस भावोजींच्या कपाटात जुन्या छायाचित्रांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. चाळायला म्हणून घेतलं आणि खजुराहोच्या एका पानावर अडकलो.

खजुराहोचे रंगीत फोटो आपण कॅलेंडरवर शेकडो वेळा पाहतो. हा फोटो वेगळा होता. माणसांची गर्दी नाही, आकाशात ढग नाही, फक्त दगड आणि त्याची सावली. शिखरावर शिखर चढत गेलेलं आणि प्रत्येक थर मोजता यावा इतका स्पष्ट. दुपारभर ते पान मी उघडंच ठेवलं. बहीण म्हणाली, "अरे, जेव तरी!"

हा फोटो लाला दीनदयाळ यांचा, 1882 च्या सुमाराचा. पुढे निजामाने त्यांना 'राजा' किताब दिला, त्या नावाने ते अधिक ओळखले जातात. हैदराबादचा दरबार, शिकारी, व्हाइसरॉय यांचे त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. मला मात्र त्यांच्या चरित्रातली एकच ओळ भिडली. 1866 साली हे गृहस्थ इंदुरात बांधकाम खात्याच्या कचेरीत नोकरीला लागले. अंदाजपत्रकं करायची आणि नकाशे काढायचे, हे काम. म्हणजे आपल्यातलेच!

त्यांचा जन्म 1844 चा, मेरठजवळच्या सरधन्याचा, आणि शिक्षण रुडकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. मध्य भारतातल्या संस्थानांवर देखरेख ठेवणारा गव्हर्नर जनरलचा एजंट इंदूरच्या रेसिडेन्सीत राहायचा, त्यामुळे कचेऱ्याही तिथेच. आठेक वर्षं कागदावर रेघा मारल्यावर 1874 च्या सुमाराला दीनदयाळांनी कॅमेरा हाती घेतला. एजंट सर हेन्री डेली आणि महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढचे एजंट सर लेपल ग्रिफिन 1882-83 मध्ये बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा दीनदयाळांना बरोबर घेऊन गेले. त्यातून 1886 साली मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवर ग्रिफिनसाहेबांचा ग्रंथ निघाला. ऐंशीच्या वर छायाचित्रं त्यात होती. कारकुनाने राबायचं आणि ग्रंथ साहेबाच्या नावावर. असो.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय, हे आज मोबाइल खिशात असताना ध्यानात येत नाही. त्यांनी सुरुवात केली त्या वर्षांत ओल्या काचेची पद्धत चालायची. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रव्य पसरायचं, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत, धुऊन घ्यायची. त्यासाठी अंधाराचा तंबू देवळाशेजारीच ठोकायचा. 1880 नंतर तयार कोरड्या काचा मिळू लागल्या, तरी काचांच्या पेट्या, तिवई आणि भला मोठा कॅमेरा बैलगाडीतूनच न्यावा लागे. काच फुटली की फोटो गेला. म्हणून आधी देवळाभोवती हिंडायचं, ऊन कुठून येतं ते बघायचं, थांबायचं आणि मगच एक काच खर्चायची.

त्या फोटोंतल्या शांततेचं मूळ मला इथे दिसतं. त्या काचांना निळा रंग पांढऱ्यासारखाच दिसे, म्हणून आकाश कोरं उतरायचं. उघडझाप सावकाश, म्हणून हलणारा माणूस पुसट व्हायचा किंवा नाहीसाच व्हायचा. आज आपण ज्याला ध्यानमग्न कलाकृती वगैरे म्हणतो, तिच्यात रसायनाचा वाटा बराच आहे. उरलेला वाटा नकाशे काढणाऱ्या डोळ्याचा. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचं तेली का मंदिर पाहा. देऊळ कागदावर ओळंब्यात उभं आहे, कुठे कललेलं नाही. बऱ्याच फोटोंत उंची कळावी म्हणून एखादा माणूस पायरीवर बसवलेला असतो. हात जोडलेले नाहीत, नुसता बसलाय. हुकूम कचेरीचा होता आणि साहेबाला 'वास्तू' हवी होती, देव नको होता. पण सावली कुठे पडली की कोरीव काम उठतं हे बघत उन्हात उभं राहायचा हुकूम कुणी दिला नसणार.

आपल्याकडे नेमकं उलट. आपल्याला देव हवा, वास्तू नको. मंगेश काय किंवा कवळ्याची शांतादुर्गा काय, आपले देव सोळाव्या शतकात पालखीतून, डोक्यावरून, रातोरात नदी ओलांडून आले. भिंती मागेच राहिल्या. भिंतीचा मोह न धरणं हे आपण तेव्हा शिकलो असू. तांबडी सुर्लाचं कदंबकाळातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ जंगलात आडबाजूला होतं, म्हणून वाचलं. नाहीतर एव्हाना त्यालाही टाईल्स लागल्या असत्या!

हे मी थट्टेने लिहीत नाही. आमच्या गावच्या देवळाचा 2009 साली जीर्णोद्धार झाला. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं, चौकात फणसाच्या लाकडाचे कोरीव खांब. लाकडाला वाळवी लागली होती, हे खरं. समितीने काँक्रीटचा ठराव केला आणि त्या बैठकीचं इतिवृत्त मी लिहिलं. अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे. 'जुने बांधकाम काढून टाकणे', एवढ्या चार शब्दांत मी ते देऊळ गुंडाळलं. पाडण्याआधी एक फोटो काढून ठेवावा, हे कुणालाच सुचलं नाही. मला तरी सुचायला हवं होतं, कॅमेरा माझ्याकडे होता.

दीनदयाळही इतिवृत्तच लिहीत होते की! इंदूरहून त्यांचा व्याप पुढे सिकंदराबाद आणि मुंबईपर्यंत गेला. 1905 साली ते वारले. त्यांच्या 2857 काचा 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. फुटायची वस्तू, पण टिकली.

रात्री जेवणं झाल्यावर बहिणीला हे सगळं सांगितलं. ती उठली आणि तिच्या लग्नाचा आल्बम घेऊन आली. 1985 साली तिचं लग्न त्याच चौकात लागलं होतं. आल्बममधले फोटो कृष्णधवल, फोटोग्राफर जवळच्या बाजारातला. सगळी पानं नवरा-नवरीच्या तोंडांनी भरलेली. एका फोटोत मात्र मामा तिला बोहल्याकडे आणतायत आणि त्यांच्या खांद्यामागे खांबाचा वरचा भाग आलाय. उलटं कमळ आणि खाली मण्यांची एक ओळ. भिंगातून मणी मोजले, सोळा दिसतात. बाकीचे मामांच्या पागोट्याआड आहेत.