वेगळा विदर्भ आणि आपली मराठी

घरात दखनी, चौकात वऱ्हाडी आणि कचेरीत पुस्तकी मराठी. यवतमाळ जिल्ह्यात आम्ही असेच वाढलो. म्हणून वेगळा विदर्भ मागणाऱ्याला कुणी मराठीचा वैरी म्हटले, की आम्ही थबकतो.

इतिहास तसे सांगत नाही. लोकनायक बापूजी अणे १८८० साली वणीत जन्मले. ते लोकमान्यांचे अनुयायी. टिळकांवरील त्यांच्या संस्कृत महाकाव्याला १९७३ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वेगळ्या विदर्भाचे हेच पुरस्कर्ते १९६२मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. न्या. फाजल अली आयोगाने १९५५मध्ये आठ मराठी जिल्ह्यांचे विदर्भ राज्य सुचवले होते. हिंदीची अनेक राज्ये चालतात, तर मराठीची दोन का नकोत, असा समर्थकांचा सवाल होता. पण १९५६मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६०मध्ये महाराष्ट्रात आला. भाषेची एकी भारी ठरली.

तक्रार भाषेची नव्हतीच. १९५३च्या नागपूर करारात खर्चाचा आणि नोकऱ्यांचा न्याय्य वाटा कबूल झाला होता. तो मिळाला नाही, ही खरी सल. ती घेऊनच यवतमाळचे जांबुवंतराव धोटे १९७१मध्ये नागपुरातून लोकसभेवर गेले. हिंदीचेही इथे वावडे नव्हते. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात दोन्ही भाषा नांदल्या. 'काय करून राहिला?' हे आमचे वऱ्हाडी वळण हिंदी-उर्दूच्या किती जवळचे!

स्पेनमधल्या कॅटलोनियाची गोष्ट निराळी. फ्रँकोच्या राजवटीने तिथली कॅटलान भाषा शाळा-कचेऱ्यांतून हाकलली. साहजिकच स्वातंत्र्यवाद्यांना ती प्राणांसारखी प्रिय झाली. तरी २०१३मध्ये घरी स्पॅनिश बोलणाऱ्या स्वातंत्र्यवाद्यांनी 'सुमाते' ही संघटना काढली. मायबोली स्पॅनिश असली तरी देश वेगळा मागता येतो, हे त्यांनी दाखवले. इथे मराठी बोलणारे वेगळे राज्य मागतात, तिथे स्पॅनिश बोलणारे वेगळा देश. दोन्हीकडे भाषेवरून निष्ठा मोजणे फसते.

वेगळे राज्य हवे की नको, यावर आमच्यातही दोन मते आहेत. पण दखनी बोलणाऱ्याकडे मराठीपणाचा दाखला मागितला की कसे वाटते, ते आम्ही जाणतो. निदान आम्ही तरी तो विदर्भवाद्याकडे मागू नये.