सावलीत सापडलेला ऑक्सिजन

क्वेसारचा वर्णपट मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला त्यात काहीच दिसलं नाही. एक वेडीवाकडी रेघ आणि तिच्यात मधूनमधून पडलेले खड्डे. खरी गोष्ट त्या खड्ड्यांतच आहे, हे कळायला बराच वेळ लागला.

गोष्ट सुरू होते १९५६मध्ये. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीपासून बरेच दूर थंड वायूचे ढग असल्याचं गुइडो म्यूंश यांच्या निरीक्षणांतून दिसलं होतं. प्रिन्स्टनच्या लायमन स्पिट्झर यांना प्रश्न पडला, की भोवती पोकळीच असेल तर हे ढग केव्हाच विरून जायला हवेत. त्यांना बाहेरून दाबून कोण धरतंय? त्यांनी गणित मांडलं आणि उत्तर आलं: सुमारे दहा लाख अंश तापलेला, अतिविरळ वायू.

पण तो बघायचा कसा? अशा वायूच्या खुणा अतिनील प्रकाशात उमटतात आणि तो प्रकाश आपलं वातावरण खाली येऊच देत नाही. गंमत म्हणजे, दुर्बीण अवकाशात न्यावी असं याच माणसाने १९४६मध्ये सुचवलं होतं. पहिला उपग्रह उडायला तेव्हा अकरा वर्षं होती!

१९६३मध्ये मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ हा ‘तारा’ प्रत्यक्षात अतिदूरचा असल्याचं ओळखलं. क्वेसारच्या रूपाने आता विजेरी हाती आली. क्वेसारच्या प्रकाशातल्या बऱ्याच शोषणरेषा म्हणजे वाटेतल्या आकाशगंगांभोवतीच्या वायूची सावली असावी, असं स्पिट्झर आणि जॉन बाकॉल यांनी १९६९मध्ये मांडलं.

यातली सर्वांत बोलकी सावली ऑक्सिजनची. त्याच्या आठ इलेक्ट्रॉनांपैकी पाच निघून गेलेले असतात. सुमारे तीन लाख अंशांच्या वायूत असं होतं. वायू फारच विरळ असेल, तर दूरच्या क्वेसारांचा प्रखर प्रकाशही हे करू शकतो. त्यामुळे प्रत्येक रेषेमागचं कारण कोणतं, यावर वाद अजून चालू आहेत.

हबल दुर्बीण १९९०मध्ये उडाली, स्पिट्झर १९९७मध्ये गेले. २००९मध्ये अंतराळवीरांनी हबलवर नवा वर्णपटमापक बसवला. त्यावर काम करून जेसन टमलिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये दाखवलं, की तारे जन्माला घालणाऱ्या आकाशगंगांभोवती हा ऑक्सिजन जवळपास पाच लाख प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेला आहे. ज्यांच्यात ताऱ्यांचा जन्म थांबलाय, त्यांच्याभोवती मात्र तो फारच कमी.

ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटातच तयार होतो. म्हणजे हा सगळा कधीकाळी आकाशगंगांच्या आतच होता, मग बाहेर फेकला गेला. त्यातला काही परत येऊन नव्या ताऱ्यांत मिसळत असावा. मी आत्ता घेतलेल्या श्वासातले काही अणूही असा फेरफटका मारून आले असतील का?

आता तो आलेख पाहताना माझी नजर आधी खड्ड्यांकडेच जाते.