पत्त्यांत गुंफलेली यादी

प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्याला पहिल्या काही धड्यांतच भेटणारी 'लिस्ट', म्हणजे अनेक घटक क्रमाने एकाच नावाखाली ठेवणारी यादी, आज इतकी सोपी वाटते की तिच्यामागे केवढी अडचण होती हे सहसा सांगितलेच जात नाही. १९५० च्या दशकात संगणकाच्या मेमरीत आकडे सलग खान्यांत मांडले जात आणि किती खाने लागतील ते आधीच ठरवावे लागे. गणिती कोष्टकांचे त्यावर भागत असे. परंतु ॲलन नेवेल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी १९५६ च्या सुमारास तर्कशास्त्रातील प्रमेये यंत्राकडून सिद्ध करून घ्यायला घेतली, तेव्हा सिद्धता किती लांबेल याचा आधी अंदाजच बांधता येईना. त्यावर त्यांनी योजलेला उपाय असा, की प्रत्येक घटकाशेजारी पुढच्या घटकाचा पत्ता, म्हणजे त्याच्या खान्याचा क्रमांक, नोंदवून ठेवावा. 'तांदूळ' आणि 'गूळ' यांच्यामध्ये 'डाळ' घालायची, तर 'तांदूळ'पाशी डाळीचा पत्ता आणि 'डाळी'पाशी गुळाचा पत्ता लिहिला की काम झाले. बाकी यादी जागची हलत नाही.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ पासून एमआयटीत घडवलेल्या लिस्प या भाषेने हीच कल्पना केंद्रस्थानी आणली. आयबीएम ७०४ या यंत्राचा शब्द, म्हणजे मेमरीतील एक खाना, ३६ बिटांचा असे आणि त्यात १५-१५ बिटांचे दोन भाग पत्त्यांसाठी वापरता येत. त्या भागांच्या नावांवरून 'कार' म्हणजे यादीतील पहिला घटक आणि 'कुडर' म्हणजे उरलेली यादी, अशा संज्ञा रूढ झाल्या व यंत्र कालबाह्य झाल्यावरही टिकल्या. नवशिक्याला त्यांतून काहीच बोध होण्यासारखा नव्हता. म्हणूनच सेमूर पेपर्ट, वॉली फोयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी सिद्ध केलेल्या लोगो या भाषेत त्याच क्रियांना 'फर्स्ट' आणि 'बटफर्स्ट', म्हणजे 'पहिला' आणि 'पहिला सोडून बाकीचे', ही सरळ नावे मिळाली, याचे मोल फार मोठे आहे.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथॉनची लिस्ट मात्र नावाने यादी असली, तरी आतून पुन्हा सलग खान्यांची रांगच आहे. त्या खान्यांत घटकांचे पत्ते असतात आणि जागा अपुरी पडली की ती आपोआप वाढवली जाते. पण तिथे मध्येच 'डाळ' घातली, तर गुळाचा आणि त्यापुढच्या प्रत्येकाचा पत्ता एकेक खाना पुढे सरकवावा लागतो.